सुरक्षित शौचालय कोणाला मिळते आणि कोणाला नाही: नाशिकच्या वस्त्या आणि पाड्यांवरून समजून घेताना

एखाद्या वस्तीत शौचालये किती आहेत हे मोजणे सोपे असते. त्या वस्तीतल्या किती माणसांना रोज, रात्री-अपरात्री, पावसाळ्यात, आजारपणात, मासिक पाळीत आणि म्हातारपणी निर्धास्तपणे शौचाला जाता येते हे मोजणे अवघड असते, आणि म्हणूनच ते सहसा मोजले जात नाही. या दोन आकड्यांमध्ये जी तफावत राहते, तिच्यात विटा-सिमेंटच्या कमतरतेचा वाटा फार थोडा असतो. जमीन कोणाच्या नावावर आहे, पाणी कोण भरते, खड्डा कोण उपसतो, घरात पैशाचा निर्णय कोण घेतो आणि पोटापाण्यासाठी वर्षातले किती महिने घर सोडावे लागते, यांवर ती मुख्यतः ठरते. हा विषय समजून घ्यायला नाशिक जिल्हा चांगला आहे, कारण गोदाकाठच्या जुन्या वस्त्या, सातपूर-अंबडच्या कारखान्यांभोवतीच्या चाळी, मालेगावची यंत्रमागांची दाटी, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा आणि पेठ-सुरगाण्याचे डोंगरातले पाडे हे सारे एकाच जिल्ह्यात सापडते.

प्रथम 'सुरक्षित' या शब्दाचा अर्थ पक्का करून घेतला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणी कार्यक्रमात शौचाच्या सोयीच्या पाच पायऱ्या मानल्या आहेत. सर्वांत खाली उघड्यावर शौच. त्यावर मैला उघडाच राहतो अशी कच्ची सोय. तिसऱ्या पायरीवर शौचालय नीट असते, पण ते अनेक कुटुंबांत सामाईक असते. चौथ्या पायरीवर कुटुंबाचे स्वतःचे शौचालय असते. पाचव्या पायरीवर स्वतःच्या शौचालयातला मैला एकतर जागेवरच निर्धोकपणे जिरतो, नाहीतर गाडीने किंवा गटारीने वाहून नेऊन त्यावर प्रक्रिया होते. म्हणजे महापालिकेने बांधलेले उत्तम सार्वजनिक शौचालय वापरणारे कुटुंबही या मापाने तिसऱ्याच पायरीवर उभे असते, आणि ज्याच्या घरातल्या टाइल्स लावलेल्या शौचालयाचे पाणी थेट नाल्यात जाते तो माणूसही पाचवीवर पोहोचलेला नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये पाणी आणि स्वच्छतेला मानवी हक्क म्हटले, २०१५ मध्ये स्वच्छतेचा हक्क स्वतंत्रपणे मान्य केला, आणि शाश्वत विकासाच्या सहाव्या उद्दिष्टात २०३० पर्यंत उघड्यावरचे शौच संपवताना स्त्रिया, मुली आणि दुर्बल स्थितीतल्या माणसांच्या गरजांकडे विशेष लक्ष द्यावे असे स्पष्ट लिहिले. ही शेवटची अट कागदावर जितकी ठळक आहे तितकी कामात दिसत नाही.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४६.९ टक्के कुटुंबांकडेच घराच्या आवारात शौचालय होते. त्याच जनगणनेत अनुसूचित जातींच्या कुटुंबांमध्ये हे प्रमाण सुमारे ३४ टक्के आणि अनुसूचित जमातींमध्ये २३ टक्क्यांच्याही आत होते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, पाच वर्षांत कोट्यवधी शौचालये बांधली गेली आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. हे काम मोठे आहे आणि त्याने असंख्य बायकांचे जगणे सुसह्य केले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली १९ टक्के कुटुंबे कोणतेही शौचालय वापरत नसल्याचे आढळले. शौचालय पोहोचल्यानंतरही माणसे मागे का राहतात, याचे उत्तर आपल्याला वस्तीत आणि पाड्यावर जाऊनच शोधावे लागते.

जागा कोणाची

शहरातल्या गरिबाला शौचालय बांधण्यापूर्वी जी अडचण येते ती पैशाच्याही आधीची असते. ज्या जमिनीवर घर उभे आहे ती त्याची नसते. नाशिकमध्ये नासर्डी आणि वाघाडी या नद्यांच्या काठाने, जुन्या नाल्यांच्या कडेने, औद्योगिक वसाहतींच्या हद्दीला लागून ज्या वस्त्या वाढल्या, त्यांतल्या काही घोषित झोपडपट्ट्या आहेत आणि काही अघोषित. महाराष्ट्रात १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली वस्ती घोषित झाली की रस्ते, नळ, गटारी, शौचालये यांवर सार्वजनिक पैसा खर्च करण्याची वाट मोकळी होते. अघोषित वस्तीत मात्र खासगी जागामालकाची हरकत, न्यायालयातला वाद किंवा दुसऱ्या सरकारी खात्याची मालकी यांपैकी काही ना काही आड येते. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत, वस्ती अधिकृत आहे की नाही, घोषित आहे की नाही हे न पाहता प्रत्येक कुटुंबाला शौचालयाचा लाभ द्यावा असे म्हटले आहे, आणि ही तरतूद अतिशय योग्य आहे. पण उद्या घर पाडले जाईल अशी टांगती तलवार ज्याच्या डोक्यावर आहे, तो माणूस उसनवारी करून जमिनीखाली पक्की टाकी बांधायला धजत नाही. भाडेकरूची गोष्ट आणखी वेगळी. अंबडला कामाला आलेला तरुण ज्या पत्र्याच्या खोलीत राहतो तिच्या मालकाला आणखी एक खोली काढून भाडे मिळवायचे असते. शौचालयाने भाडे वाढत नाही, उलट खोलीची जागा जाते. अनुदान मागण्याचा अधिकार मालकाचा आणि गैरसोय भाडेकरूची, अशी ही विभागणी आहे.

कागदपत्रांचेही तसेच. अनुदान मिळवायला आधार, बँक खाते, रहिवासाचा पुरावा लागतो, आणि ग्रामीण भागात २०१२ च्या बेसलाइन सर्वेक्षणात, म्हणजे कोणाकडे शौचालय नाही याच्या पहिल्या मोजणीत, नाव असणे हा कितीतरी वर्षे पहिला निकष होता. सर्वेक्षणाच्या वेळी स्थलांतरावर गेलेली कुटुंबे, नंतर वेगळी निघालेली भावंडे, गावाबाहेर पाल टाकून राहणारे भटके-विमुक्त असे अनेक जण यादीबाहेर राहिले. पुढे सुटलेल्या कुटुंबांची पुरवणी यादी झाली, पण तिच्यातही आधी त्यांचीच नावे आली ज्यांची ग्रामपंचायतीत ऊठबस होती. शिवाय ग्रामीण भागातले १२ हजार रुपये बहुतेक ठिकाणी बांधकाम पूर्ण करून फोटो चढवल्यावरच हाती येतात. रोजंदारीवर जगणाऱ्या घराने तोवर सिमेंट, पत्रा आणि गवंड्याची मजुरी कुठून आणायची, याचा विचार योजनेत पुरेसा झालेला नाही.

सामायिक शौचालयाची सकाळ

ज्या वस्तीत घरात शौचालयाला जागाच नाही तिथे सामुदायिक शौचालय हाच मार्ग उरतो. नियमाप्रमाणे घरापासून ५०० मीटरच्या आत असे शौचालय असावे, पुरुषांसाठी ३५ जणांमागे एक आणि स्त्रियांसाठी २५ जणींमागे एक सीट असावी. हे आकडे कागदावर बरे वाटतात. आता त्यांचा हिशेब करून पाहू. बहुतेक बायका उजाडण्याच्या सुमारास, साडेपाच ते साडेसात या दोन तासांत जाऊन येतात, कारण त्यानंतर पाणी भरणे, डबे, मुलांची शाळा आणि स्वतःचे धुण्या-भांड्याचे काम सुरू होते. दोन तासांत २५ जणी म्हणजे एकीच्या वाट्याला पाच मिनिटेही येत नाहीत, आणि तेही सगळ्या सीट चालू असतील तर. निम्म्या बंद असल्या की अडीच मिनिटे.

आणि सीट बंद का पडतात? कोणत्याही जुन्या वस्तीतले शौचालय पाहिले की कारणे समोर दिसतात. दाराचा पत्रा खालून गंजून वीतभर वर गेलेला असतो. कडी निघालेली असल्याने आत बसलेल्या बाईला एका हाताने दार ओढून धरावे लागते, नाहीतर मैत्रिणीला बाहेर उभे करावे लागते. छतावर टाकी असते, पण तोट्या गेलेल्या असतात, त्यामुळे घरूनच बादली आणावी लागते आणि जी एक बादली आणू शकते ती भांडे स्वच्छ होईल इतके पाणी टाकू शकत नाही. भांडे तुंबले की ती सीट दोन दिवसांत कचऱ्याची जागा होते. दिव्याची तार लोंबत असते, दिवा नसतो. यांतली एकही गोष्ट महागडी नाही. पण इमारत एका विभागाची, सफाई दुसऱ्याची, पाणी तिसऱ्याचे आणि वीज चौथ्याची अशी वाटणी असली की शंभर रुपयांच्या कडीसाठी तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते, आणि ती पुढे रेटणारे कोणी वस्तीत नसते, कारण जो रेटू शकतो त्याच्या घरात बहुधा स्वतःचे शौचालय झालेले असते. माझ्या मते सामायिक शौचालयांच्या दुरवस्थेचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे: वस्तीतले थोडे बरे चाललेले घर या व्यवस्थेतून बाहेर पडले की तिच्यासाठी आवाज उठवणारेही बाहेर पडतात, आणि मागे विधवा, म्हातारी माणसे, भाडेकरू आणि नव्याने आलेली कुटुंबे उरतात.

पैशाचा भारही सारखा पडत नाही. पुरुष मुतारीत फुकट जातो, बाईला लघवीलाही पैसे मोजावे लागतात, हा भेद २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'राईट टू पी' मोहिमेने चव्हाट्यावर आणला. घरातल्या चार-पाच जणांनी दिवसातून एकदा जरी पाच-पाच रुपये दिले तरी महिन्याचे सहाशे-सातशे रुपये होतात. धुणी-भांडी करून एका घरचे जेवढे मिळते, जवळजवळ तेवढेच. मग घरातली मुले नाल्याकडे जातात आणि बाई दिवसभर कळ काढते.

कळ काढणे ही बायकांच्या आरोग्याची एक न मोजलेली बाजू आहे. बाहेर जावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी न पिणे, रात्रीचे कमी जेवणे, लघवी तुंबवून ठेवणे, या सवयी मुलींना आईकडूनच लागतात. त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग, बद्धकोष्ठता, गरोदरपणात अधिकच त्रास असे एकेक दुखणे सुरू होते. अंधारात, दारूच्या गुत्त्यावरून, टोळक्यांसमोरून पाचशे मीटर जायचे म्हणजे काय, हे नियम लिहिणाऱ्याला समजले असते तर अंतराबरोबर त्या वाटेवरच्या दिव्यांचाही नियम झाला असता. पाळीच्या दिवसांत तर पॅड टाकायला जागा नसल्याने ते कागदात गुंडाळून भांड्यात किंवा कौलावर जाते, आणि पुढे त्याच तुंबलेल्या भांड्यावरून भांडणे होतात. तृतीयपंथी व्यक्तींना कोणत्या बाजूने जावे हाही प्रश्न असतो. अपंगांच्या आणि वृद्धांच्या सोयीसाठी एक सीट कमोडची, बाजूला धरायला नळी आणि पायऱ्यांऐवजी उतार, एवढेच लागते; पण शौचालयांचे चौथरे सहसा चार-पाच उंच पायऱ्यांवर असतात आणि गुडघे गेलेली आजी शेवटी घरातच पोत्याआड बसते.

लहान मुलांबद्दल एक मोठा गैरसमज आहे. बाळाची शी निरुपद्रवी असते असे समजून ती दारापुढच्या गटारीत टाकली जाते. प्रत्यक्षात जुलाबाचे जंतू तिच्यात मोठ्यांइतकेच, कधी अधिकही असतात, आणि ज्या अंगणात मूल रांगते तिथेच ते पसरतात. वारंवार जुलाब झाले की आतड्याची अन्न शोषण्याची शक्ती घटते आणि पोटभर खाऊनही मूल खुरटते.

पाणी भरणारीचा हिशेब

आता शहरातून डोंगराकडे जाऊ. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात पाऊस एवढा पडतो की पावसाळ्यात वाट दिसत नाही, आणि त्याच पट्ट्यातल्या, तसेच पेठ-सुरगाण्यातल्या पाड्यांवर मार्चनंतर विहिरींचा तळ दिसू लागतो. काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही. आले तसे उताराने निघून जाते. कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी, ठाकर या समाजांचे हे पाडे विखुरलेले आहेत, आणि पाणी आणण्याचे काम जवळजवळ सर्वत्र बायका-मुलींकडे आहे.

शौचालय बांधले की पाण्याची गरज किती वाढते, याचा हिशेब योजनेच्या फलकावर कधी नसतो. पाच माणसांचे घर, प्रत्येकाने दिवसातून दोनदा वापर केला असे धरू. खोलगट, जास्त उताराचे भांडे बसवलेले असेल तर एका वेळी दोन-तीन लिटरमध्ये भागते, म्हणजे दिवसाला वीस ते तीस लिटर, साधारण दोन हंडे. पण ठेकेदाराने बाजारात मिळणारे सपाट भांडे आणून बसवले तर एका वेळी आठ-दहा लिटर लागतात आणि दिवसाला सहा हंडे, म्हणजे चार हंडे जादा होतात. झरा अर्ध्या तासावर असेल आणि बाई एका खेपेला दोन हंडे आणत असेल, तर त्या एका चुकीच्या भांड्यासाठी तिला रोज दोन खेपा, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास अधिक चालावे लागते. मग उन्हाळ्यात शौचालयात सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या दिसल्या, तर तिथल्या माणसांना शिकवण्यासारखे काही नसते. ज्या बाईने तो निर्णय घेतला तिने आपल्या पाठीचा आणि वेळेचा हिशेब बरोबर केलेला असतो. भांडे निवडताना तिला कोणी विचारले असते तर पुढचे सारे टळले असते. २०१९ पासून जलजीवन मिशनखाली घरोघर नळ देण्याचे काम सुरू आहे, आणि पाड्यापुरते बोलायचे तर नळाला बारमाही पाणी येणे हीच तिथल्या स्वच्छतेची पहिली अट आहे.

खड्डा कोण उपसणार

ग्रामीण भागासाठी सर्वांत शहाणपणाचे तंत्र दोन शोषखड्ड्यांचे आहे. सुमारे मीटरभर रुंदीचे दोन खड्डे, मध्ये प्रवाह वळवणारे एक छोटे चेंबर, आणि एका वेळी एकाच खड्ड्याकडे जाणारा प्रवाह. पाच-सहा माणसांच्या घराचा पहिला खड्डा भरायला साधारण तीन वर्षे लागतात. मग चेंबरमधला अडथळा बदलून प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला बंद ठेवायचा. दीड-दोन वर्षांत त्यातल्या मैल्याचे सुके, बिनवासाचे, मातीसारखे खत होते आणि ते घरच्या माणसाने फावड्याने काढून शेतात टाकायचे. विज्ञानाच्या दृष्टीने यात काहीही अडचण नाही.

अडचण मनात आहे. मैला हे ज्या जातींचे काम म्हणून शतकानुशतके लादले गेले, त्या कामाला हात लावणे म्हणजे त्या पायरीवर उतरणे, ही भावना वाळून खत झालेल्या मातीलाही चिकटते. म्हणून लोक खड्डा भरेल आणि आपल्यालाच उपसावा लागेल या भीतीने शौचालय जपून वापरतात, बायका आणि म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवतात आणि पुरुष टमरेल घेऊन बाहेर जातात. किंवा आयुष्यात भरणार नाही अशी प्रचंड टाकी बांधतात, जिचा खर्च अनुदानाच्या कितीतरी पुढे जातो, आणि ज्याला तो झेपत नाही तो शौचालयच बांधत नाही. अशा रीतीने जातीचा विचार सवर्ण घरातल्या शौचालयाचा आकार ठरवतो आणि गरीब घरात शौचालय होणार की नाही हेही.

नाशिकला हा इतिहास परका नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथेच सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते, आणि १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मंदिराच्या दारात जो विटाळ आडवा येत होता, त्यानेच गावाची रचनाही ठरवली होती. दलित वस्ती गावाबाहेर, बहुधा उताराच्या खालच्या अंगाला असे, आणि वरच्या आळीचे सांडपाणी तिच्या दारावरून वाहत असे. २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, आणि ते अत्यंत आवश्यकच होते. नाव बदलले तरी जमिनीचा उतार तोच राहतो, म्हणून गावाचा गटारीचा आराखडा करताना शेवटच्या टोकाची वस्ती पहिल्यांदा मोजली पाहिजे, कारण सगळ्यांचे पाणी जाऊन थांबते ते तिथेच.

घर एका गावात, माणूस दुसऱ्या

हागणदारीमुक्तीच्या नोंदीत एक माणूस हमखास हरवतो, तो म्हणजे हंगामी मजूर. पावसाळा सरून भात कापले की पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांकडे उतरतात. ऑक्टोबर छाटणी, घड औषधात बुडवण्याचे डिपिंग, विरळणी, मग काढणी, असे काम उन्हाळ्यापर्यंत चालते. राहायला बागेच्या बांधावर पत्र्याची शेड किंवा झोपडी असते. इकडे पाड्यावर त्यांच्या नावे शौचालय बांधून झालेले असते, त्याचा फोटो चढलेला असतो, आणि नोंदीप्रमाणे ते कुटुंब पूर्ण सोयीत असते. तिकडे बागेत तेच कुटुंब पाच-सहा महिने उसाच्या किंवा मक्याच्या आडोशाला जाते, आणि पीक कापले गेले की तोही आडोसा संपतो. वीटभट्टी आणि ऊसतोडीचीही हीच कथा आहे. बागाईतदारांपैकी ज्यांचा माल निर्यात होतो त्यांना बागेत मजुरांसाठी शौचालय आणि हात धुण्याची सोय ठेवावी लागते, कारण परदेशी खरेदीदारांची तशी अट असते. ही सोय कामाच्या जागी तरी पोहोचते. मुक्कामाच्या शेडपाशी मात्र ती सहसा दिसत नाही. गावाच्या हद्दीत जो झोपतो तो त्या गावाच्या हिशेबात धरला, मग तो मूळचा कुठलाही असो, तर ग्रामपंचायतीला आणि बागाईतदाराला ही जबाबदारी वाटून घ्यावी लागेल.

लाज वाटवून काय साधले

उघड्यावर बसणाऱ्यांना पहाटे गाठण्यासाठी राज्यात 'गुड मॉर्निंग पथके' फिरली. कुठे गुलाबाचे फूल दिले गेले, कुठे दंड झाला, कुठे फोटो काढले गेले. ज्याच्या घरी शौचालय होते आणि आळस होता त्याला याने हलवले असेल. पण ज्याच्याकडे जागा नव्हती, पाणी नव्हते किंवा जो भाड्याच्या खोलीत होता, त्याच्या वाट्याला फक्त अपमान आला, आणि बायकांच्या बाबतीत तर ते निखालस क्रौर्य होते. घरी शौचालय असून त्याचा नियमित वापर होतो असे प्रमाणपत्र नसेल तर ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाऊ शकते अशीही तरतूद आपल्या कायद्यात आहे. तिचा हेतू चांगला असला, तरी ज्यांच्या प्रश्नांसाठी पंचायतीत कोणी बोलायला हवे, तेच अशा अटीमुळे सर्वांत आधी बाहेर पडतात. संत गाडगेबाबांची धर्मशाळा याच नाशिकच्या गोदाकाठी आहे. बाबा दिवसा खराटा घेऊन स्वतः गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारीत. त्यांच्या नावाने राज्यात २००० पासून ग्रामस्वच्छता अभियान चालले आणि त्यात गावाने एकत्र येऊन काम करण्याला महत्त्व होते. दंडापेक्षा ती वाट संथ असेल, पण तिच्यात कोणाला उघडे पाडले जात नाही.

पुण्यात आणि राज्यातल्या आणखी काही शहरांत स्वयंसेवी संस्थांनी वस्तीतल्या घराघराचा नकाशा करून, जिथून ड्रेनेजची वाहिनी जाते तिथल्या कुटुंबांना साहित्य दारात पोहोचवून आणि बांधकामाचा खर्च त्यांना करायला लावून घरोघरी शौचालये उभी केली. दोन-अडीच फुटांची जागाही लोकांनी जिन्याखाली किंवा मोरीतून काढून दिली. यावरून एवढे निश्चित कळते की 'जागा नाही' हे उत्तर वस्तीत विचारल्याशिवाय स्वीकारू नये, आणि वाहिनी आधी पोहोचली की लोक स्वतःचे पैसे घालायला तयार असतात. दुसरीकडे, सिंहस्थात नाशिकला लाखो भाविकांसाठी तात्पुरती शौचालये उभी राहतात, त्यांना पाणी, दिवे, सफाईच्या पाळ्या आणि देखरेख मिळते, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठीही ते होईल. एवढी व्यवस्था लावण्याची क्षमता या शहरात आहे. सिंहस्थाच्या वेळी तपोवनात काही आठवडे जी देखरेख होते तिचा चौथा हिस्सा वस्त्यांतल्या शौचालयांना वर्षभर मिळावा, ही मागणी अवाजवी नाही.

टाकीनंतरचा प्रवास

शौचालयातला मैला पुढे कुठे जातो यावर पाचवी पायरी अवलंबून असते. नाशिक शहरात तपोवन, आगरटाकळी आणि इतर ठिकाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत, पण भूमिगत गटार न पोहोचलेल्या वस्त्यांचा मैला टाकीतून किंवा थेट नाल्यातून गोदावरीकडेच जातो. सार्वजनिक शौचालयांतला मैला आणि हॉटेलांतला ओला कचरा एकत्र करून त्यापासून वीज तयार करणारा प्रकल्प जर्मनीच्या जीआयझेड संस्थेच्या सहकार्याने नाशिकमध्ये २०१७ मध्ये उभा राहिला. त्याहूनही अनुकरण करण्याजोगे काम शेजारच्या सिन्नरने केले. एरवी सेप्टिक टँक भरून वाहू लागली की मालक गाडी बोलावतो आणि एका खेपेचे हजार-दोन हजार मोजतो. ज्याला परवडत नाही तो टाकीचे तोंड गटारीत सोडतो. सिन्नर नगरपरिषदेने साताऱ्याच्या वाईप्रमाणे वेळापत्रक ठरवून, दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसण्याची सेवा सुरू केली. खेपेचे वेगळे पैसे न घेता तिचा खर्च करातून भागवला जातो. त्यामुळे गरीब घराची टाकीही बंगल्याच्या टाकीइतक्याच नियमाने रिकामी होते, आणि गाडीवाल्यालाही मैला आडरानात ओतण्याचे कारण उरत नाही.

या प्रवासात सर्वांत धोक्याच्या जागी जो माणूस उभा असतो तो बहुतेक वेळा त्याच जातींतला आणि त्याच वस्त्यांतला असतो, ज्यांच्याबद्दल आपण इतका वेळ बोलत आहोत. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. आत उतरणाऱ्याला वास गेला असे वाटते, आणि काही क्षणांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही आतच राहतो. २०१३ च्या कायद्याने माणसाला अशा टाकीत किंवा गटारीत धोकादायक सफाईसाठी उतरवणे गुन्हा ठरवले आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे, आणि काम देणाऱ्या कोणालाही, म्हणजे सोसायटीच्या चेअरमनपासून बंगल्याच्या मालकापर्यंत, ती लागू होते. मृत्यू झाल्यास वारसांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपये ठरवली. टाकी तुंबली असेल तर १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. त्यावर किंवा आपल्या महापालिकेच्या, नगरपरिषदेच्या कार्यालयात फोन करून उपसा करणारी यांत्रिक गाडी मागवावी. गाडी गल्लीत येत नसेल तर लांब नळी लावून काम होते, त्यासाठी थोडे जादा पैसे पडले तरी ते द्यावेत, आणि 'पाचशेत उतरतो' म्हणणारा कोणी दारात आला तर त्याला झाकणाजवळही जाऊ देऊ नये.